जुन्या मोटरहोमचं डिझाइन: मोजपट्टीपासून मास्किंग टेपपर्यंत

वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींमुळे छत्रपती संभाजीनगरात गाडी रंगवणारे चांगले हात भरपूर आहेत. डेंटिंगवाले, रंग फवारणारी गन चालवणारे, ब्रशने अक्षरं काढणारे जुने पेंटर, सगळे एकाच रस्त्यावर सापडतात. मॅटाडोर किंवा टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून ती घरासारखी, म्हणजे मोटरहोम म्हणून, वापरणारी मंडळीही आता इकडे भेटतात. राज्य शासनाचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून चौकशाही होतात. अडतं ते या दोघांच्या मध्ये. मालकाच्या डोक्यातलं चित्र मिस्त्रीच्या मास्किंग टेपपर्यंत (रंग जाऊ नये तिथे चिकटवायची पट्टी) नीट पोचवणारं माणूस लागतं. ते काम शिकू पाहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तुम्ही काढता ते चित्र ही मिस्त्रीला दिलेली कामाची चिठ्ठी असते. स्क्रीनवर ते कितीही देखणं दिसू द्या, त्यावरून टेप कुठे चिकटवायची हे कळत नसेल तर काम अर्धंच झालंय.

आधी गाडी ओळखा

मॅटाडोर पुण्याच्या बजाज टेम्पोची. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स नावाने ओळखली जाते. ट्रॅव्हलर १९८७ मध्ये आली, मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनच्या आराखड्यावर. दोन्ही गाड्यांच्या बाजू उंच आणि बऱ्याचशा सपाट आहेत. एकाच रंगात रंगवल्या तर पत्र्याच्या कपाटासारख्या दिसतात. परदेशातल्या जुन्या गाड्यांनाही हीच अडचण होती आणि त्यांनी काढलेले उपाय अभ्यासण्यासारखे आहेत.

१९५० साली आलेल्या पहिल्या पिढीच्या फोक्सवॅगन बसमध्ये वरचा भाग एका रंगात, खालचा दुसऱ्या, आणि दोन्ही रंग पुढच्या तोंडावर इंग्रजी व्हीच्या आकारात मिळतात. तो आकार पत्र्यावरच्या उठावाच्या रेघेवर बसवलेला आहे. अमेरिकेतल्या विनेबागोने १९६६ पासून मोटरहोम बनवले. त्यांच्या बाजूवरचा पट्टा मध्येच खाली-वर वळून डब्ल्यू अक्षर होतो, त्यामुळे लांबलचक सपाट भिंत तुटते आणि गाडी उभी असतानाही चालल्यासारखी वाटते. १९७३ ते १९७८ दरम्यान बनलेला जीएमसीचा मोटरहोम मुळातच बुटका, म्हणून त्याला आडवे पट्टे शोभतात. कारण सगळीकडे एकच: खालचा भाग गडद आणि वरचा फिका ठेवला की उंची कमी भासते, आणि खिडक्यांच्या रांगेलगत आडवा पट्टा ओढला की लांबी वाढल्यासारखी वाटते. एवढं डोळ्याला पटलं की इंटरनेटवरच्या शंभर फोटोंची गरज उरत नाही.

फोटो आणि माप

इथे घाई करू नका. माझ्या पहिल्याच कामात मी इथेच चुकलो. गल्ली अरुंद होती म्हणून तीन-साडेतीन मीटरवरून मॅटाडोरचा फोटो काढला आणि त्यावरच पट्टे आखले. स्क्रीनवर पट्टा दाराच्या हँडलखालून चार बोटं अंतर ठेवून जात होता. गॅरेजमध्ये टेप लावली तर तो थेट हँडलवर आला. रंगकाम करणारे चाचा प्रिंट हातात घेऊन थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फोटू में गाडी फूल गई, बेटा." जवळून फोटो काढला की मधला भाग मोठा येतो आणि टोकं मागे पळतात. दोन दिवस वाया गेले, मालकाला गाडी ठरलेल्या दिवशी मिळाली नाही.

तेव्हा गाडी मोकळ्या मैदानात न्या. बारा ते पंधरा मीटर लांब उभे राहा आणि फोनचा दुप्पट किंवा तिप्पट झूम वापरा. फोन गाडीच्या निम्म्या उंचीवर धरा आणि बरोबर मधोमध, गाडीला काटकोनात उभे राहा. सकाळी लवकर किंवा ढगाळ वेळी काढलेला फोटो चांगला, कारण दुपारच्या उन्हात पत्रा इतका चमकतो की उठाव दिसतच नाहीत. फोटो काढण्याआधी पत्र्यावर दर ५० सेंटिमीटरला मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. हे तुकडे नंतर स्क्रीनवर फोटो सरळ करायला फार कामी येतात.

मग मोजपट्टी. जमिनीपासून माप घेऊ नका. टायरमधली हवा आणि स्प्रिंगच्या पाट्यांचा कस यावर गाडीची उंची बदलते, चारही कोपऱ्यांत सारखी नसते. मापं गाडीच्याच न हलणाऱ्या जागांपासून घ्या: खिडकीच्या रबराची खालची कड, दाराची फट, छताच्या कडेची पन्हळ. पन्हळीला गॅरेजमध्ये गटर म्हणतात. जुन्या गाडीत ही गटर म्हणजे तुमची आडवी रेघ. पाणसळ लावून आखलेला अगदी समतल पट्टासुद्धा गटरशी तिरका असेल तर बघणाऱ्याला तिरकाच दिसतो. वीस-तीस वर्षं धावलेली गाडी थोडी झुकलेली असतेच, तिच्या झुकण्याशी जुळवून घ्या.

बाजू पाच मोजायच्या: डावी, उजवी, पुढची, मागची आणि छत. डावी उलटी केली की उजवी मिळते असं समजू नका. आपल्याकडे सरकतं किंवा प्रवाशांचं दार डावीकडे, ड्रायव्हर उजवीकडे, डिझेलचं झाकण एकाच बाजूला. पुढच्या गोलाईसाठी फोटो पुरत नाही. तिथे बटर पेपर पत्र्यावर चिकटवून हाताने रेघा उतरवून घ्या आणि तो कागद सपाट करून स्कॅन करा.

कोरा साचा

सॉफ्टवेअर म्हणून इंकस्केप घ्या. ते फुकट आहे आणि रेघा व्हेक्टरमध्ये काढतं, म्हणजे कितीही मोठं केलं तरी कड फाटत नाही. पट्टे आणि अक्षरांच्या कामाला हेच हवं. डोंगर, झाडं, पक्षी असं रंगकामाचं चित्र हवं असेल तर क्रिता वापरा, तेही फुकट. पण क्रिताचं चित्र ठिपक्यांचं असतं, म्हणून ते पुरेशा मोठ्या आकारात सुरू करा.

कागदाचं एकक मिलिमीटर ठेवा आणि प्रमाण १:१०. पाच मीटरची गाडी ५० सेंटिमीटरमध्ये बसते आणि हिशेब तोंडी होतो: स्क्रीनवरचा एक मिलिमीटर म्हणजे गाडीवरचा एक सेंटिमीटर. फोटो सगळ्यात खालच्या लेयरवर (थरावर) ठेवा, टेपच्या खुणा मापाला जुळेपर्यंत ताणा, अर्धवट फिका करा आणि कुलूप लावा. त्यावर पेन टूलने बाह्यरेषा, खिडक्या, दारांच्या फटी, दिवे, हँडल, झाकणं, बंपर, प्रत्येकाला वेगळा लेयर. नोड (रेघ जिथे वळते ते बिंदू) जितके कमी तितकी रेघ सफाईदार. चाकाच्या कमानीला चार-पाच नोड पुरतात. वीस टाकले तर कमान थरथरलेल्या हाताने काढल्यासारखी दिसते.

हा साचा रंग न भरता वेगळा सेव्ह करून ठेवा. त्याच मॉडेलची दुसरी गाडी आली की मापं तपासून तोच वापरता येतो.

कल्पना आधी राखाडीत

साचा छोटा करून एका पानावर आठ-दहा वेळा छापा आणि पेन्सिलने करडे, काळे, पांढरे भाग भरा. रंग अजून नको. राखाडीत जे डिझाइन ओळखू येत नाही, ते रस्त्यावरही येणार नाही. कागद भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकावरून बघा. गाडी लोक धाब्यावरून, सिग्नलवरून, समोरून येताना बघतात, हातात धरून नाही.

मालक मराठवाड्यातला असला की एक मागणी हमखास येते: आपलं काहीतरी हवं. पैठणी, वेरूळ, अजिंठा. मागणी योग्यच आहे, पण सगळं एकाच गाडीवर घेऊ नका. एक गोष्ट निवडा आणि तिला मोठी करा. पैठणीचा नारळी काठ घ्या. त्यातले टोकदार आकार एकसारखे, एकापुढे एक येतात, म्हणून ते खिडक्यांखालच्या पट्ट्यात उत्तम बसतात. विणकामात तिरक्या कडा बारीक पायऱ्यांनी चढतात. गाडीवर त्या पायऱ्या मुद्दाम ठेवल्या तर लांबूनही विणलेलं वाटतं, आणि सरळ टेपने मास्क करायलाही सोपं जातं. बांगडी मोर (बांगडीच्या गोलातले मोर) मात्र बाजूच्या पट्ट्यात कोंबू नका. त्यातलं बारीक काम दहा पावलांवर विरघळतं. तो मागच्या दारावर एकटा, दीड-दोन फूट मोठा काढा.

अजिंठ्याच्या लेण्यांमधल्या छतांवर चौकटी आखून त्यांत फुलं, फळं, हंस रंगवलेले आहेत. ही कल्पना मोटरहोमच्या आतल्या छतासाठी मला फार आवडते. पलंगावर आडवं पडलेल्या माणसाला दिसेल असं चित्र, ऊन-पावसापासून सुरक्षित, आणि चौकटींमुळे काम तुकड्यातुकड्यांनी करता येतं.

गाडीचं नाव

यावर जरा थांबतो, कारण चांगल्या गाड्या इथे बिघडतात. देवनागरी अक्षरं शिरोरेघेला लटकतात. मोटरहोमच्या बाजूला आधीच एक लांब आडवी रेघ असते, पट्ट्याची किंवा पत्र्यातल्या उठावाची. तिलाच शिरोरेघ करा. नाव पट्ट्यातून खाली उतरल्यासारखं दिसतं आणि गाडीचाच भाग होतं. रोमन अक्षरांना ही सोय नाही.

वेलांट्या आणि मात्रांना शिरोरेघेच्या वर जागा लागते. पट्टा रुंद असेल तर त्या फिक्या रंगात पट्ट्यावरच येऊ द्या. उकारांसाठी खाली जागा मोकळी ठेवा, खाली चाकाची कमान असेल तर आधीच बघा. नाव दाराच्या फटीवरून जात असेल तर फट दोन अक्षरांच्या मधून जाऊ द्या. जोडाक्षराच्या पोटातून गेली तर दार उघडताना अक्षर तुटलेलं दिसतं आणि कडेचा रंगही तिथेच आधी उडतो.

फॉन्टने सुरुवात करायची तर 'मुक्त' किंवा 'बलू' हे फॉन्ट घ्या, दोन्ही फुकट आणि वळणदार आहेत. पण फाइल बाहेर देण्याआधी मजकूर पाथमध्ये बदला. आपल्याकडच्या फ्लेक्सच्या दुकानांत कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्त्या असतात. त्यांत युनिकोड देवनागरी उघडली की जोडाक्षरं सुटी होतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. पाथ केलेलं अक्षर हे नुसतं चित्र असतं, ते मोडत नाही. शक्य असेल तर मात्र बोर्ड रंगवणाऱ्या एखाद्या जुन्या पेंटरकाकांकडून नाव कागदावर काढून घ्या आणि ते स्कॅन करून गिरवा. फ्लेक्स आल्यावर या माणसांचं काम फार कमी झालं. त्यांच्या हातातलं वळण फॉन्टमध्ये मिळत नाही, आणि त्याचे योग्य पैसे देऊन ते घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

रंग निवडताना

छत पांढरं किंवा हस्तिदंती. यावर चर्चा नको. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा गडद छताखाली माणूस झोपू शकत नाही.

खालच्या भागाचा विचार मातीवरून करा. आपली काळी माती पावसाळ्यात चिखल होऊन उडते आणि वाळली की राखाडी दिसते. पांढऱ्यावर ती डागांसारखी उठते, काळ्यावर धुळीचा थर दिसतो. मध्यम गडद तपकिरी, गेरू किंवा राखाडीकडे झुकणारा हिरवा असेल तर आठवडाभर न धुताही गाडी बरी दिसते.

अजिंठ्याच्या चित्रकारांकडे मोजकेच रंग होते: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, आणि लॅपिस लाझुलीचा निळा. चित्रं इतकी टिकली याला लेण्यांमधला अंधारही कारण आहे, पण माती-खनिजांचे रंग उन्हात सहसा विटत नाहीत हेही खरं. झगझगीत लाल आणि पिवळे इथल्या उन्हात लवकर मरगळतात. काउंटरवर शेड बनवून घेताना ऑक्साइडवर आधारलेले रंग वापरायला सांगा. तीन रंग आणि एक बारीक रेघ एवढ्यात उत्तम गाडी होते.

स्क्रीनवरचा रंग कधीही अंतिम मानू नका. छापील शेडकार्ड उन्हात धरून निवडा आणि कोड लिहून ठेवा. राल नावाच्या जर्मन पद्धतीचे चार आकडी कोड बऱ्याच दुकानांत चालतात: १०१५ हलका हस्तिदंती, ३००९ ऑक्साइड लाल, ८००१ गेरूकडे झुकणारा तपकिरी. ६००३ हा ऑलिव्ह हिरवा मात्र घेऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार ऑलिव्ह हिरवा संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी राखीव आहे. ठरलेली शेड पत्र्याच्या तुकड्यावर मारून, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) देऊन, दोन दिवस उन्हात ठेवून मालकाला दाखवा.

आरटीओचं काम रंगकामाआधी. आरसी बुकात गाडीचा रंग नोंदलेला असतो, तो बदलला की नोंदही बदलावी लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ गाडीतल्या फेरबदलांबद्दल आहे, आणि पलंग-ओटा बसवणं हाही फेरबदलच. मालकाने मंजुरी घेतली आहे का हे विचारून मगच आगाऊ रक्कम घ्या. विमा कंपनीलाही कळवायला सांगा. नंबर प्लेट, दिवे आणि परावर्तक पट्ट्यांवर डिझाइन चढवू नका.

मिस्त्रीच्या हातातला कागद

पाच बाजू, प्रत्येकी एक ए-थ्री पान, चित्र पानात बसेल इतकं छोटं करून. प्रत्येक पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या कडेचं माप खिडकीच्या रबरापासून किंवा दाराच्या फटीपासून, मिलिमीटरमध्ये, तीन-चार ठिकाणी लिहा. रंगांचे कोड आणि मारण्याचा क्रम लिहा: आधी फिका, मग गडद. कोणत्या वळणावर तीन मिलिमीटरची बारीक टेप आणि कुठे साधी चालेल तेही. टेपने मास्क करायच्या दोन रेघांमध्ये सहा मिलिमीटरपेक्षा कमी जागा ठेवू नका, त्याहून बारीक रेघ ब्रशने ओढायला ठेवा. शेडचा रंगवलेला तुकडा कागदालाच चिकटवा.

वळणदार आकार आणि अक्षरं पत्र्यावर उतरवायला दोन वाटा आहेत. एक, प्लॉटरवर कापलेला व्हिनाइलचा स्टेन्सिल. दुसरी, रांगोळीच्या छाप्याची. मूळ आकाराच्या प्रिंटवर रेघेवरून सुईने बारीक छिद्रं पाडायची, कागद पत्र्यावर चिकटवायचा आणि खडूची पूड भरलेली कापडाची पुरचुंडी त्यावर आपटायची. ठिपक्यांची रेघ उमटते. गोल कोपऱ्यांवर मला दुसरी वाट जास्त भरवशाची वाटते, कारण कागद वाकवून, प्रसंगी फाडून बसवता येतो.

टेप लावून झाली की रंग मारण्याआधी गाडी पुन्हा मैदानात काढा आणि लांबून बघा. तेव्हा खटकलेली रेघ पाच मिनिटांत हलते.

रंगकामाच्या वेळी तुम्ही तिथे असा

गन तुम्ही धरणार नसलात तरी चार गोष्टी माहीत हव्यात. जुना रंग कोणता आहे ते आधी तपासा: आडोशाच्या जागी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरचं फडकं घासा. रंग सुटून फडक्याला लागला तर तो बहुधा एनसी आहे, आणि त्यावर थेट पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून मारायचा रंग) मारला तर सुरकुत्या येऊ शकतात. मिस्त्रीशी बोलून तो काढायचा की मध्ये सीलर (दोन रंगांना वेगळं ठेवणारा थर) द्यायचा ते ठरवा. उघड्या पत्र्याला इपॉक्सी प्रायमर, मग पुट्टी, सरफेसर (घासून सपाट करायचा थर), आणि रंगाआधी ६०० ते ८०० नंबरचा पाण्याचा पेपर. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नये. पाणी मारून घासावं.

पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल इथे काहीच कामाचा नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क असलेलं गॅरेज निवडा, आणि गन चालू असताना स्वतः आत उभे राहू नका. इथे पैसे वाचवायला सांगणाऱ्या मालकाचं काम मी घेत नाही.

दिवाळी ते होळी हा आपल्याकडचा सगळ्यात चांगला काळ. उन्हाळ्यात पत्रा तापतो, थिनर पत्र्यावर पोचण्याआधीच उडतो आणि रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसतो. करायचंच असेल तर पहाटे, सावकाश उडणाऱ्या थिनरने, आणि जमीन पाणी मारून ओली ठेवून. पावसाळ्यात दमट हवेमुळे एनसीवर पांढरी झाक येते. पाण्याने घासायला बरंच पाणी लागतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये टँकरवर चालणाऱ्या भागात काम ठरवताना हेही विचारात घ्या.

टेप रंग पुरता कडक होण्याआधी काढायची, स्वतःवरच दुमडत, सावकाश. सगळे रंग वाळल्यावर वरून एकसंध क्लिअर, म्हणजे पट्ट्यांच्या कडा बोटाला लागत नाहीत आणि धुताना उचलत नाहीत.

गाडी देताना उरलेला रंग घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यांत भरून द्या, प्रत्येक डब्यावर कोड, दुकानाचं नाव आणि तारीख. मापांच्या पाच पानांचा एक संच प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅशबोर्डच्या खणात ठेवा. फाटकाला घासून दार खरवडलं गेलं, तर नांदेडचा किंवा नागपूरचा कोणताही मिस्त्री त्यावरून तो पट्टा पुन्हा तिथेच ओढू शकतो.